पहिलीच्या वर्गासाठी निवडलेले विषय

प्राथमिक शाळेत शिकवायचे, हे माझे महाविद्यालयात प्रवेश घेण्यापूर्वीच ठरले होते. त्यासाठी पदवीच्या वर्षांत नेमके काय शिकायचे, हे मात्र ठरायचे होते. माहितीपत्रकात अनिवार्य विषयांची एक यादी होती आणि ऐच्छिक विषयांची त्याहून बरीच मोठी दुसरी यादी होती. प्रत्येक विषयासमोर त्याचे श्रेयांक, तो कोणत्या सत्रात शिकवला जातो आणि त्याआधी कोणता विषय पूर्ण झालेला असावा लागतो, एवढीच माहिती दिली होती. यातला कोणता विषय वर्गात मुलांसमोर उभे राहिल्यावर उपयोगी पडेल आणि कोणत्या विषयाचा दुसऱ्याला आधार मिळेल, हे त्या याद्यांवरून कळण्यासारखे नव्हते. ते मी कसे शोधत गेले आणि कोणत्या कारणांनी काय निवडले, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या सल्लागार प्राध्यापिकांनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, ‘‘पहिल्या सत्रापासून पुढे मोजू नकोस. शेवटच्या सत्रापासून मागे ये.’’ शिक्षक म्हणून नोंदणी होण्यासाठी लागणाऱ्या पात्रतेचे नियम जागोजागी वेगळे असतात. त्यामुळे आपल्याला जेथे शिकवायचे आहे तेथील नियम आधी मिळवावेत, त्यांत कोणते विषय आणि किती काळाचा शाळेतील सराव मागितला आहे ते पाहावे, आणि मग उलट दिशेने आराखडा आखावा, असे त्यांचे म्हणणे होते. मी तसे केले. शेवटच्या सत्रात पूर्ण वेळ शाळेत राहून शिकवायचे होते. त्यासाठी अध्यापन पद्धतीचे विषय आधी संपलेले असणे आवश्यक होते. त्या विषयांना प्रवेश मिळण्यासाठी बालविकास आणि गणिताचा पायाभूत विषय पूर्ण असावा लागत होता. ही साखळी कागदावर मांडल्यावर दिसले, की ऐच्छिक विषयांसाठी मोकळीक आहे ती मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्याला काय हवे आहे हे सर्वांत कमी कळत असते त्याच काळात. म्हणून सुरुवातीची काही जागा मुद्दाम भरायची नाही आणि शाळेतला अनुभव घेतल्यानंतर त्या जागांचे काय करायचे ते ठरवायचे, असा निर्णय मी तेव्हाच घेतला. आजही मला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो.

लहान मुलांना शिकवणाऱ्याला विषयाचे ज्ञान बेताचे असले तरी चालते, त्याच्याकडे माया आणि संयम असला की पुरे, हा समज मला माझ्या आसपास पुष्कळ ठिकाणी भेटला. हिताची काळजी असलेल्या माणसांनीही मला ‘सोपे’ विषय घेऊन चांगले गुण मिळवण्याचा सल्ला दिला. माया आणि संयम लागतात यात शंका नाही. परंतु बेरीज, वाचन, दिवस आणि रात्र या गोष्टी आपल्याला सोप्या वाटतात त्या केवळ आपण त्या कशा शिकलो हे विसरलेलो असतो म्हणून. ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने 1986 साली असे मांडले, की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे कौशल्य यांखेरीज शिक्षकाकडे तिसऱ्या प्रकारचे एक ज्ञान असावे लागते: हा विशिष्ट घटक मुलाला कोठे अवघड जातो, त्याबद्दल मूल आधीपासून काय समजून बसलेले असते आणि कोणते उदाहरण दिले असता ते उलगडते, याचे ज्ञान. प्रत्येक ऐच्छिक विषयाकडे मी याच दृष्टीने पाहू लागले. या विषयामुळे मुलाची चूक कोठून आली हे मला अधिक नीट कळेल का, हा माझा प्रश्न असे.

गणिताच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहिला. गणिताची अट दोन प्रकारे पूर्ण करता येत होती. एक मार्ग कलनशास्त्राचा (कॅल्क्युलसचा) होता, जो गुणपत्रिकेवर अधिक वजनदार दिसला असता. दुसरा मार्ग प्राथमिक शिक्षकांसाठी असलेल्या संख्या, क्रिया आणि भूमिती यांवरच्या दोन सत्रांच्या विषयाचा होता. हा दुसरा विषय म्हणजे शाळेतल्याच गणिताची उजळणी असावी, असे वर्गमैत्रिणींचे मत होते. मी त्या विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम आणि आधीच्या वर्षीचे स्वाध्याय मागून घेतले. पहिल्याच स्वाध्यायात एका मुलाने 52 वजा 27 याचे उत्तर 35 लिहिले होते आणि विचारले होते, की या मुलाने काय केले असेल, त्याला काय येते आणि त्याला पुढचा कोणता प्रश्न द्याल. मुलाने 5 मधून 2 काढले होते, आणि एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 काढले होते. प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा करायचे, हा त्याने स्वतः तयार केलेला नियम होता आणि तो त्याने अगदी काटेकोरपणे पाळला होता. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 साली नेमक्या अशाच चुकांचा अभ्यास करून दाखवले होते, की मुलांच्या वजाबाकीतील पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसून चुकीच्या पण सुसंगत नियमांतून येतात. अशा मुलाला ‘लक्ष दे’ असे सांगून काहीही साधत नाही. 5 हा अंक येथे पाच दशक आहे आणि त्यातला एक दशक सुटा करता येतो, हे त्याच्या हातात यावे लागते. तो स्वाध्याय वाचला आणि मी हा विषय घेतला.

पुढे याच विषयात लिपिंग मा यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची ओळख झाली. त्यांनी 23 अमेरिकी आणि 72 चिनी प्राथमिक शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे उदाहरण सोडवण्यास आणि त्यावर एखादा शाब्दिक प्रश्न तयार करण्यास सांगितले होते. उत्तर साडेतीन येते, कारण पावणेदोनमध्ये अर्धा साडेतीन वेळा बसतो. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्याहून कमी जणांना ते पूर्णपणे बरोबर सोडवता आले आणि त्याला जुळणारा प्रश्न तर त्याहून फारच थोड्यांना तयार करता आला. पुष्कळांचा प्रश्न अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याचा झाला. बहुतेक चिनी शिक्षकांना मात्र ते साधले, आणि त्यांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा काही वर्षांनी कमी होते. या शेवटच्या बाबीवर मी बराच विचार केला. किती वरचे गणित शिकलो याने प्राथमिक शिक्षकाचे गणित ठरत नाही. जे शिकवायचे आहे त्याच्या तळापर्यंत आपण गेलो आहोत का, याने ते ठरते. कलनशास्त्र सुंदर आहे आणि ज्याला आवड असेल त्याने ते अवश्य शिकावे. परंतु दोहोंपैकी एकालाच जागा असेल, तर माझ्या मते पहिलीच्या शिक्षिकेने अपूर्णांक आणि स्थानिक किंमत यांच्या मुळाशी जावे.

भाषेच्या बाबतीत मी जो विषय निवडला तो शिक्षणशास्त्राच्या यादीत नव्हताच. तो भाषाशास्त्र विभागाचा, ध्वनी आणि लिपी यांचा प्राथमिक परिचय करून देणारा विषय होता आणि भावी शिक्षकांपैकी फारसे कोणी तो घेत नसे. मला त्याचे कारण कळत नाही, कारण पहिली-दुसरीच्या शिक्षकाचा निम्मा दिवस वाचन आणि लेखन शिकवण्यातच जातो. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, असे आपण सहज म्हणतो; नव्याने शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार करताना मात्र ती व्यंजनानंतर येते. ‘सूर्य’ या शब्दात र चा ध्वनी य च्या आधी ऐकू येतो, पण त्याची खूण य च्या डोक्यावर जाते. म्हणून एखादे मूल तो रफार ‘सू’वर देते तेव्हा ते कानाने अचूक ऐकलेले असते. क्रम, सूर्य, राष्ट्र आणि दुसऱ्या या चार शब्दांत एकाच र ची चार रूपे दिसतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च एकसारखा लिहिला जातो, परंतु उच्चारला तसा जात नाही. या गोष्टी मला बोलताना आणि लिहिताना येत होत्याच. त्या वेगळ्या काढून पाहता येणे आणि मुलाच्या वहीतली चूक पाहून ती कोणत्या गाठीशी अडली आहे हे सांगता येणे, हे या विषयाने दिले. शब्दातील ध्वनी सुटे करून ऐकता येणे, एखादा ध्वनी काढून टाकल्यावर काय उरते ते सांगता येणे, हे वाचनाच्या पायाशी असलेले कौशल्य आहे आणि ते अक्षरे गिरवण्याने आपोआप येत नाही, हेही येथेच समजले. त्यानंतर अनिवार्य असलेला भाषा अध्यापन पद्धतीचा विषय जेव्हा आला, तेव्हा त्यातील पाठ टाचणे, म्हणजे पाठांचे लेखी आराखडे, मला नुसते साचे वाटली नाहीत.

बालविकासाचा विषय सर्वांनाच अनिवार्य होता, म्हणून त्यात निवड होती ती फक्त शिक्षकाची आणि सत्राची. मी तो शक्य तितक्या लवकर घेतला. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचे प्रयोग तेथे प्रथम नीट समजले. समान संख्येच्या गोट्यांच्या दोन रांगा मुलासमोर मांडायच्या, त्याच्याकडून त्या सारख्या असल्याचे वदवून घ्यायचे, मग एक रांग लांबवायची आणि पुन्हा विचारायचे. पाच वर्षांचे मूल बहुधा लांब रांगेत जास्त गोट्या आहेत असे सांगते. एडिंबरो येथील जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1970च्या दशकात हाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला: रांग प्रयोगकर्त्याने जाणूनबुजून लांबवण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने ती विस्कटली, असे दाखवले. तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. मोठे माणूस काहीतरी बदल करून तोच प्रश्न पुन्हा विचारते, तेव्हा मुलाला वाटते की आपले उत्तरही बदलायला हवे. शिक्षकाने ‘नक्की का?’ असे विचारताच मूल बरोबर उत्तर सोडून देते, ते मी नंतर प्रत्यक्ष वर्गात वारंवार पाहिले. त्यामुळे बालविकासाचा विषय निवडताना मला असे सुचवावेसे वाटते, की ज्या प्राध्यापकांच्या अभ्यासक्रमात मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि मुलांशी केलेल्या संवादांचे टिपण आहे, त्यांच्याकडे तो शिकावा. टप्प्यांची नावे आणि वये पाठ केल्याने वर्गात काही दिसू लागत नाही.

दुसऱ्या वर्षापासून मी आठवड्यातली एक सकाळ पूर्ण मोकळी ठेवली. यासाठी वेळापत्रक जुळवणे हे विषय निवडण्याइतकेच कष्टाचे काम होते, कारण शाळेचे आणि महाविद्यालयाचे तास एकाच वेळी भरतात आणि एकदा विषय निश्चित झाले की पुढे हालचालीला वाव राहत नाही. शाळेची लेखी परवानगी, विभागाचे पत्र आणि मुख्याध्यापिकांची भेट या गोष्टींना लागणारा वेळ धरूनच सत्राची आखणी करावी लागते. वर्गाच्या मागच्या बाकावर बसून काय पाहायचे, हे मात्र आधी शिकावे लागते. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने 1975 साली म्हटले होते, की शिक्षक होऊ पाहणारा प्रत्येक जण विद्यार्थी म्हणून हजारो तास शिक्षकांना पाहतच आलेला असतो, परंतु ते पाहणे एका बाजूचे असते. शिक्षकाने काय केले ते दिसते, ते का केले आणि त्याऐवजी काय करता आले असते, ते दिसत नाही. म्हणून निरीक्षणाबरोबर चर्चा होणारा विषय मी घेतला. तेथील पहिले काम होते ते शिक्षकाने प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ वाट पाहिली जाते ते नोंदवण्याचे. मेरी बड रो यांच्या 1970च्या दशकातील संशोधनात असे आढळले होते, की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तोच अवधी तीन सेकंद किंवा अधिक केला तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला फार थोडे वाटतात; चाळीस मुले समोर असताना ते शांतपणे जाऊ देणे किती अवघड आहे, हे पाठ घेतल्याशिवाय कळत नाही.

या निरीक्षणाने माझी पुढची निवड बदलली, आणि मोकळ्या ठेवलेल्या जागा येथे कामी आल्या. मी ज्या वर्गात बसत असे तेथे एक मुलगी सूचना दिल्यावर नेहमी शेजारच्या वहीत पाहून मग काम सुरू करीत असे. तिला लक्ष नसते, असे सर्वांचे मत झाले होते. काही काळाने तिची तपासणी झाली तेव्हा तिला एका कानाने नीट ऐकू येत नसल्याचे निष्पन्न झाले. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा एकच प्रास्ताविक विषय आम्हाला अनिवार्य होता आणि त्यात व्याख्या, वर्गीकरण आणि सर्वसमावेशक शिक्षणाविषयीच्या 1994 च्या सालामांका जाहीरनाम्यापासूनच्या धोरणांचा भाग मोठा होता. तो भाग आवश्यक आहे, कारण प्रत्येक मुलाला नेहमीच्या शाळेत जागा असली पाहिजे हे तत्त्व कोठून आले, हे शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. परंतु नेहमीच्या वर्गात, कोणतेही प्रमाणपत्र हाती नसताना, एखाद्या मुलाचे ऐकणे, पाहणे किंवा वाचणे अडते आहे हे कसे ओळखावे आणि तज्ज्ञ भेटेपर्यंतच्या काळात काय करावे, हे शिकण्यासाठी मी त्याच विभागातील आणखी दोन ऐच्छिक विषय घेतले. त्यासाठी बालसाहित्याचा मला अतिशय प्रिय असलेला विषय सोडावा लागला. त्याचे वाईट वाटले. पण गोष्टी मी स्वतःहून वाचत राहीन याची मला खात्री होती, आणि श्रवणदोष कसा ओळखावा हे मी एकटीने शिकले नसते.

कोणताही विषय घेण्यापूर्वी त्याचा अभ्यासक्रम मागून वाचण्याची सवय मला गणितापासून लागली होती, आणि पुढे तिला एक कसोटी जोडली गेली. एका विषयाच्या वर्णनात, मुलांची दृश्य, श्राव्य आणि स्पर्शी अशी विभागणी करून प्रत्येकाला त्याच्या शैलीनुसार शिकवण्याचे तंत्र दिले जाईल, असे म्हटले होते. हे ऐकायला पटते. मात्र हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला होता, की अशा वर्गीकरणाने शिकणे सुधारते याला पुरेसा पुरावा नाही. तेव्हापासून मी अभ्यासक्रमात हे पाहू लागले, की येथे दाव्यांबरोबर ते कसे तपासले गेले हेही शिकवले जाते का. मुलांची वर्षे अमूल्य असतात. ती पटणाऱ्या पण न तपासलेल्या कल्पनांवर खर्च होऊ नयेत, याबद्दल मी फार आग्रही आहे.

याच आग्रहातून संख्याशास्त्राचा पायाभूत विषय घेतला. दहा गुणांच्या छोट्या चाचणीत मुलाला या आठवड्यात सहा आणि पुढच्या आठवड्यात आठ गुण मिळाले, तर ती प्रगती आहे की नुसता योगायोग, हा प्रश्न शिक्षकाला सतत पडतो आणि त्यावरून पालकांशी बोलणेही होते. मूल्यमापनाचा अनिवार्य विषय मी त्यानंतर घेतला, आणि तो क्रम योग्य ठरला. विज्ञानासाठी एकाच शाखेत खोल जाण्याऐवजी प्रयोगशाळा असलेले तीन लहान परिचयात्मक विषय घेतले, कारण प्राथमिक वर्गात बी कसे रुजते, विजेरीचा दिवा कसा लागतो आणि ऋतू का बदलतात हे तिन्ही प्रश्न एकाच आठवड्यात येऊ शकतात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, हे उत्तर पुष्कळ मोठी माणसेही देतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते आणि ऋतू तिच्या आसाच्या कलण्यामुळे होतात. इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या अनिवार्य विषयांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते नेमून दिले तसे पूर्ण केले.

एका निवडीबद्दल मात्र मला आवर्जून सांगायचे आहे. नाट्य विभागाचा आवाज आणि उच्चार यांचा एक लहान विषय होता, आणि कलाविषयांची अट मी त्याने पूर्ण केली. दिवसभर मोठ्याने बोलावे लागत असल्याने शिक्षकांना घशाच्या आणि आवाजाच्या तक्रारी इतर पुष्कळ व्यवसायांतील लोकांपेक्षा अधिक होतात. श्वास कोठून घ्यावा, वर्ग गलबलला असताना आवाज चढवण्याऐवजी उतरवून लक्ष कसे वेधावे आणि गोष्ट वाचताना थांबावे कोठे, हे तेथे सरावाने शिकवले गेले. सराव पाठांच्या पहिल्या आठवड्यात माझ्या बरोबरीच्या छात्राध्यापिकांचे घसे बसले, तेव्हा या विषयाची किंमत सर्वांच्या लक्षात आली आणि पुढच्या तुकडीतील अनेकींनी त्यासाठी नाव नोंदवले.

शेवटच्या सत्रातील आंतरवासितेपूर्वी, म्हणजे शाळेत पूर्ण वेळ शिकवण्यापूर्वी, एका ऐच्छिक विषयाची जागा उरली होती. पालकांशी संवाद आणि सांकेतिक भाषेचा (कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेचा) प्राथमिक परिचय, हे दोन विषय माझ्यासमोर होते. मी निरीक्षणासाठी जात असे त्या वर्गाच्या शिक्षिकांना विचारले, तेव्हा त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पालकांचा विषय सुचवला. पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला सर्वाधिक अवघड जाते ते मुलाबद्दलची काळजीची गोष्ट त्याच्या आईवडिलांना नीट सांगणे, असे त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. मी तो विषय घेतला आणि त्यातील मुलाखतींचे स्वाध्याय आंतरवासितेतील पालकसभेत जसेच्या तसे वापरले. सांकेतिक भाषेचा वर्ग आमच्या महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळीही चालतो; नोकरीचे पहिले वर्ष पार पडले की मी त्यासाठी अर्ज करणार आहे.